रॅटरेच्या उतारावरचा शेवटचा हिवाळा

१४ ऑक्टोबर १९११

रेल्वे आपल्या गावावरून जाणार नाही. लिहून टाकलं. लिहिलं की जरा बरं वाटेल असा समज होता, तसं काही वाटत नाही.

दुपारी मोजणीवाल्यांचा मुख्य साहेब दुकानात तंबाखू घ्यायला आला आणि तंबाखूची पुडी खिशात टाकता टाकता ही बातमी देऊन गेला. रूळ नदीच्या पलीकडे, दक्षिणेला आठ मैलांवरून जाणार. आमच्या बाजूची दरड भुसभुशीत आहे म्हणे, पुलाचा खांब धरणार नाही. तिथे उघड्या माळावर त्यांनी एक खुंटी ठोकली आहे आणि तिला नावसुद्धा दिलंय, लमली. आता हा लमली कोण? कुणीच नाही. पश्चिमेकडे जाता जाता हे लोक स्टेशनांना एबीसीडीच्या ओळीने नावं देत सुटलेत. जार्विस झालं, किलडेअर झालं, आता एलची पाळी. कुत्र्यालासुद्धा माणूस जरा विचार करून नाव देतो.

मी इथे आलो तेव्हा माझ्याकडे बैलगाडी होती आणि बायको होती, एफी. ही नदी कुठे उथळ आहे, भरलेली गाडी पाण्यातून कुठून पार होते, ते शोधण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. तो हा उतार. आधी मातीगवताच्या ढेकळांचं घर बांधलं, मग दुकान, मग दुकानातच पोस्ट. वाटसरू थांबायला लागले, थांबलेले राहायला लागले. टपालाच्या शिक्क्यावर 'रॅटरेचा उतार' असं नाव आहे. ते काही कुठल्या कारकुनाने ओळीत पुढचं अक्षर आलं म्हणून दिलेलं नाही.

संध्याकाळी शाळेत सभा झाली. मी बोललो. म्हणालो, "दोन वर्षांत याच रेल्वेला आपल्याकडे फाटा काढावा लागेल. गाव इथे आहे. तिथे काय आहे? एक खुंटी!" टाळ्या चांगल्या पडल्या. एफी मागच्या बाकावर होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात विणकाम होतं म्हणून असेल.

२ नोव्हेंबर

अ‍ॅलर्डाइस चालला. हॉटेलवाला अ‍ॅलर्डाइस, माझा डावीकडचा शेजारी. सभेत सगळ्यात जोरात टाळ्या यानेच वाजवल्या होत्या.

"पोस्टमास्तर, रागावू नका," सकाळी काउंटरला टेकून म्हणाला, "पण हॉटेलात गिऱ्हाईक येतं ते आगगाडीतून उतरून. आभाळातून पडत नाही."

"आणि हॉटेल? दुमजली इमारत खिशात घालून नेणार का?"

"ब्रेक्के ओढून नेतो म्हणतोय. जमीन गोठली की."

"ब्रेक्के लोहार आहे. देव नाही."

"ते त्याला सांगा. त्याला वाटतं, फरक थोडाच आहे."

मी हसलो नाही. एफी आत भांडी घासत होती, ती हसली. अ‍ॅलर्डाइस गेल्यावर मी तराजू पुसला, मग पुन्हा पुसला, मग घड्याळाला चावी दिली. सकाळीच दिली होती. बसवत नाही हल्ली.

१८ नोव्हेंबर

नदी गोठली. हॉटेल गेलं.

ब्रेक्के हा नॉर्वेचा माणूस, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दात उपटल्यासारखं करतो. त्याने हॉटेलखालचे दगड काढले, दोन लांबच लांब ओंडके इमारतीखाली सारले, त्यांच्या पुढच्या टोकांना लोखंड मारलं आणि आसपासचे झाडून सगळे घोडे आणून जुंपले. मग "हूं" म्हणाला. आणि हॉटेल हललं! नदीच्या वळणाशी किनारा बसका आहे, तिथून बर्फावरून पार नेलं.

चूल विझवली नव्हती. तशी रीतच पडते आहे आता. किलडेअरकडे गेलेल्या घरांचंही असंच केलं म्हणतात. घर नेताना चूल पेटती ठेवायची आणि घरातल्यांनी खाली उतरायचं नाही. विझल्या चुलीचं घर म्हणजे सोडलेलं घर, असं बायकांचं म्हणणं. त्यामुळे अ‍ॅलर्डाइसचं हॉटेल धुराड्यातून धूर सोडत एखाद्या आगबोटीसारखं माळावरून गेलं. आत मॉड अ‍ॅलर्डाइस सगळ्यांना चहा देत होती.

एफीही त्यात बसून गेली, कपबश्या सांभाळायला म्हणून. परतीच्या घसरगाडीतून आली तेव्हा गाल लाल झालेले, टोपी वाकडी. "डंकन, चहा सांडलासुद्धा नाही रे! खिडकीतून माळ जात होता, आणि आम्ही बसलोय, जशा काय राण्या!"

मी म्हटलं, पाय ओले झालेत, मोजे बदल. इतकी बडबडत होती की तिला ताप येईल असं वाटलं.

६ डिसेंबर

पाद्री गिलीस यांनी चर्च हलवलं. घंटा काढायची राहून गेली. पूर्ण वाटभर आपली आपणच वाजत गेली. दुकानाच्या दारात उभा राहून ऐकत होतो. नदीपलीकडे गेली तरी ऐकू येत होती. मग बंद झाली की मला ऐकू येईनाशी झाली, कोण जाणे.

आठवड्याला एखादं घर सरकतं. सकाळी दार उघडावं तर समोर काल ज्या घराची खिडकी होती तिथे आज क्षितिज. जिथे घर होतं तिथे तळघराचा खड्डा, आणि त्यात बर्फ भरत असतं.

पण पोस्ट माझ्याकडे आहे. लमलीवाल्यांना पत्रासाठी आठ मैल इकडेच यावं लागतं. येतात, मुकाट्याने टोप्या काढून रांगेत उभे राहतात. पोस्ट जिथे, गाव तिथे. हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगतो.

२५ डिसेंबर

नाताळ. लमलीला हॉटेलात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. आम्हालाही बोलावणं होतं. मी नाही म्हणून कळवलं. गावात कुणी तरी असायला हवं.

एफीने बदक भाजलं होतं. उत्तम झालं होतं. चहाच्या वेळी टेबलावर तीन कप मांडले. माणसं दोन. आम्हाला मूलबाळ नाही, आणि आज यायचंही कुणी नव्हतं. ही तिची जुनीच खोड आहे. पहिल्या हिवाळ्यात मी मालाच्या खेपेला गेलो आणि वादळांमुळे अडकून पडलो. परत आलो तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं. पाहतो तर त्या ढेकळांच्या घरात ही एकटी, आणि टेबलावर तीन कप! "पाहुणे कोण आले होते?" विचारलं, तर "कुणी नाही" म्हणाली. ही गोष्ट मी दुकानात किती तरी वेळा सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात.

आज सांगायला कुणी नव्हतं. तरी मी तिलाच म्हटलं, "काय, पाहुणे येणार वाटतं?" तिने तिसरा कप उचलून कपाटात ठेवला.

१३ जानेवारी १९१२

शनिवार. अ‍ॅलर्डाइस आणि आणखी दोघं आले. पत्रं घेतली, मग नदीवर कर्लिंगचा डाव. बर्फावर दगड सरकवायला एका बाजूला चौघे लागतात. आम्ही सगळे मिळूनच चार होतो, म्हणून दोन-दोन वाटून घेतले. खेळापेक्षा झाडूने बर्फ झाडणंच जास्त झालं. तरी मी जिंकलो.

नंतर दुकानात शेकत बसले. मी विचारलं, "काय म्हणतंय तुमचं खुंटीपूर?"

"बरं चाललंय," अ‍ॅलर्डाइस म्हणाला. "फक्त रस्त्यात एक खिंडार आहे. माझ्या हॉटेलाच्या आणि ब्रेक्केने लोहारकामाला जागा आखलीय तिच्यामध्ये. तिथून उत्तरेचा वारा असा घुसतो की समोरच्या घरांत दिवा टिकत नाही. मॉड रोज शिव्या घालते."

मला हसू आवरेना. "आखणीसाठी म्हणे टोरांटोहून माणसं आणली होती! दात पडलेल्या तोंडासारखा रस्ता केला, आणि म्हणे शहर."

"रेल्वेचा एजंट तिथे बिलियर्डवाल्याला बसवायला बघतोय. मी तिथे माझी लाकडं रचून ठेवलीत. म्हटलं, जागा अडलेली आहे."

"कशाला? येऊ दे की बिलियर्डवाला. वारा तरी थांबेल."

अ‍ॅलर्डाइस चूल ढोसत बसला. तेव्हा एफीने आतून विचारलं, "किती रुंद आहे हो ती मोकळी जागा?"

"चोवीस फूट, मिसेस रॅटरे. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही."

हिला काय करायचंय कोण जाणे. बायकांना नको त्या गोष्टींची मापं हवी असतात.

२९ जानेवारी

दुकानाची जमीन फुगली आहे असं एफीचं म्हणणं. मला तर सपाट दिसते. पण ती म्हणाली, पिंप एका बाजूला कलतं, चालताना पाय अडखळतो. रोज एकदा तरी माझ्यादेखत अडखळून दाखवायची. शेवटी म्हटलं, बोलाव ब्रेक्केला.

तो आला, खाली शिरला, दगड काढले. जमिनीला आधार म्हणून दोन ओंडके या टोकापासून त्या टोकापर्यंत सारले. मी वाकून पाहिलं. काम म्हणजे काम! वर चर्च ठेवलं तरी हलणार नाही. मी म्हटलं, "ब्रेक्के, जाणाऱ्यांची घरं पुष्कळ उचललीस. राहणाऱ्याचं घर पक्कं करायला हात चालतो की नाही अजून?"

"हूं," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता हातोडा पुसत राहिला. जाताना एफीने त्याला अख्खा केक बांधून दिला. एवढं काय त्यात?

५ फेब्रुवारी

उंदरांनी दोन बरण्या पाडल्या, असं एफी म्हणते. म्हणून तिने सगळ्या फळ्यांना पुढून आडव्या पट्ट्या ठोकल्या आहेत. आता भूकंप झाला तरी बरणी पडणार नाही. घड्याळसुद्धा भिंतीवरून काढून रजईत गुंडाळून ठेवलं. त्यात उंदरांचा काय संबंध, विचारलं, तर म्हणाली, "तू दिवसातून दहा वेळा चावी देतोस, त्याला जरा विश्रांती." हे मात्र खरं.

१२ फेब्रुवारी

ब्रेक्केने स्वतःचं लोहारकामाचं घर नेलं. म्हणजे माझा उजवीकडचा शेजारीही गेला. आता आम्ही दोघंच.

रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो. रस्ता म्हणायचं आपलं, दोन्ही बाजूंना खड्डे. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. घरात येऊन बसलो, तर पाय आपोआप दाराकडे वळतात. एफीने विचारलं, काय हरवलंय? म्हटलं, काही नाही.

दुपारी कर्लिंग खेळलो. एकटाच. दोन्ही बाजूंनी. हरलो.

१९ फेब्रुवारी

आज भांडण झालं. तपशिलात लिहून ठेवतो, कारण मला अजून ते नीटसं उमगलेलं नाही.

सकाळी एफी खिडकीशी उभी होती, बराच वेळ. मी म्हटलं, हवा कशी आहे? ती म्हणाली, "मिस्टर रॅटरे, मला इथून जायचंय." ती मला 'मिस्टर रॅटरे' म्हणाली की समजायचं, आभाळ भरून आलंय.

मी फाट्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी रेल्वेला यावंच लागेल, तेव्हा सगळे परत येतील, आणि आपण इथे नसलो तर...

"मला रेल्वे नकोय!" ती ओरडली. एफी कधी ओरडत नाही. "मला आगगाडी नको, स्टेशन नको. मला सकाळी उठल्यावर दुसऱ्याच्या घरचा धूर दिसला पाहिजे. बस. एवढंच. समोरचं धुराडं पेटलं की कळतं सकाळ झाली, कुणी तरी उठलंय, चहा टाकलाय. आता बाहेर बघते तर नुसतं पांढरं. पहिल्या हिवाळ्यासारखं."

"पहिल्या हिवाळ्यात तर तुझ्याकडे पाहुणे होते," मी म्हटलं. ती हसेल म्हणून म्हटलं. देवाशपथ.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू बोलली. "तू हसून सांगतोस ना ती गोष्ट दुकानात? ऐक मग. एक कप माझा. एक तुझा, तू जिवंत असलास तर. आणि एक जो कोण येईल त्याचा. कोण येणार होतं? मी त्या कपाशी बोलायचे, डंकन. त्याला विचारायचे, साखर हवी का. तू आलास तेव्हा मला तुझ्याशी बोलायला दोन दिवस लागले. तुला वाटलं मी रुसलेय."

मला तेच वाटलं होतं.

हे तिने आजवर का नाही सांगितलं? मी काही राक्षस नाही. सांगितलं असतं तर मी ती गोष्ट दुकानात सांगितली नसती. मी तसं म्हणालोही. तेव्हा ती म्हणाली, "गोष्टीचं कुठे बोलतेय मी?" आणि पीठ मळायला गेली.

दिवसभर मी काही ना काही दुरुस्त करत होतो. दाराची बिजागरी, पिंपाचं झाकण. पण हे गाव मी वसवलं आहे. मीच सोडून गेलो तर मग इथे काय होतं, याला साक्षीदार कोण? नदी? मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. आणि तरी मला जायचं नाही. दोन्ही खरं आहे.

८ मार्च

वारा फिरला. तीन दिवस पश्चिमेचा गरम वारा आहे. छपरावरून पाणी गळतं. माळावर बर्फातून काळे डाग दिसायला लागले. आता महिनाभरात कुणाचंही घर हलणं शक्य नाही, चिखलात रुतेल. म्हणजे या वर्षाचा प्रश्न आपोआप मिटला. मी एफीला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हो, अजून दोनेक दिवसच आहेत." कसले दोन दिवस? बोलण्यात काही ताळमेळ नाही हल्ली. पण गाणं गुणगुणत होती, तेव्हा म्हटलं, चला, मनातून काढून टाकलं वाटतं.

१० मार्च

रात्र फार झाली आहे. तरी लिहितो.

सकाळी दार उघडलं तर रस्त्यावर माणसंच माणसं. अ‍ॅलर्डाइस, गिलीस, ब्रेक्के, सगळं गाव, सगळ्यांचे घोडे. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वाटलं, परत आले! शहाणपण सुचलं! मी टोपी घालून बाहेर निघालो, तर एफीने बाही धरली. "आधी दलिया खा. गार होतोय."

"अगं, सगळे आलेत!"

"आलेत ना, जात नाहीत कुठे. बैस."

बसलो. चमचा तोंडात होता. समोरच्या खिडकीत आमचं पॉपलरचं झाड दिसतं, मी लावलेलं. ते झाड सरकलं.

मला आधी वाटलं, भोवळ आली. झाड हळूहळू खिडकीच्या कडेला गेलं आणि चौकटीबाहेर निघून गेलं. फळ्यांवर बरण्या किणकिणल्या. एकही पडली नाही. पट्ट्या होत्या ना. पायाखाली ब्रेक्केचे ओंडके कुरकुरले, तेव्हा मला जमिनीचं फुगणं कळलं, उंदीर कळले, केक कळला. मी चमचा खाली ठेवला.

"युफेमिया," मी एफीचं पूर्ण नाव घेऊन म्हटलं, "हे दुकान माझं आहे."

"चूल माझी आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता. "दार उघडं आहे, डंकन. वेग फार नाही. उतरायचं असेल तर आत्ताच उतर. तुझी खुर्ची, पोस्टाची पाटी आणि शिक्का मी मागच्या खोपटात ठेवलाय, जेवणही आहे झाकून. तू इथे पोस्ट चालव. मी रविवारी येत जाईन. पण मी आणखी एक हिवाळा त्या कपाशी बोलणार नाही."

मी उतरलो.

हो, उतरलो. रागाने डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. चिखलबर्फात उभा राहिलो आणि माझं दुकान धूर सोडत पुढे निघालं. सगळं गाव घोड्यांबरोबर चालत होतं, आणि माझ्याकडे कुणी म्हणजे कुणी बघत नव्हतं. अ‍ॅलर्डाइस तर आभाळात पक्षी शोधत होता. एफी दारात उभी होती. हात हलवला नाही. नुसती उभी, दाराची चौकट धरून.

मी वळलो. रस्त्याकडे पाहिलं. खड्डे, पॉपलर आणि मी.

किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मग लक्षात आलं की ते नदीच्या वळणाकडे चाललेत. हिवाळाभर सगळी घरं तिथूनच तर गेली. पण तीन दिवसांचा गरम वारा! वळणाशी पाणी खोल आहे आणि जोराचं आहे, बर्फ खालून खाल्लं जातं, वरून कळतसुद्धा नाही. ब्रेक्केला लोखंड कळतं, नदी कळत नाही. आणि माझी बायको त्या दारात उभी होती.

मी धावलो. या वयात, या बुटांनी. ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. ब्रेक्केने घोडे थांबवले तेव्हा पुढचे दोन बर्फापासून हाकेच्या अंतरावर होते. त्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकावून मी वळणावरच्या बर्फावर दोन घाव घातले. तिसऱ्याला पाणी वर आलं.

ब्रेक्केने टोपी काढली.

"उताराकडून न्या," मी म्हटलं. "तिथे पाणी गुडघ्याएवढं. तळापर्यंत गोठलेलं असतं, दगडासारखं."

"तिथली वाट अरुंद आहे, पोस्टमास्तर," अ‍ॅलर्डाइस म्हणाला. "बसेल का दुकान?"

"मी केलेली वाट आहे ती. मला विचारताय?"

मग मी पुढे आणि घोडे मागे. दर काही पावलांवर कुऱ्हाडीने ठोकायचं, ऐकायचं, हात वर करायचा. दरडीचा एक कोपरा दुकानाच्या छपराने खरवडून नेला, तेवढंच. ज्या जागी मी बैलांना पहिल्यांदा पाण्यात घातलं होतं, त्याच जागेवरून मी माझं दुकान माझ्या गावातून बाहेर काढलं. पलीकडच्या काठावर पोचलो तेव्हा मी रडत होतो. लपवण्यात अर्थ नव्हता, सगळ्यांनी पाहिलं.

एफीने दारातून हात पुढे केला. "चढ आता. दलिया गरम केलाय पुन्हा."

"माझा शिक्का राहिला खोपटात."

"माझ्या खिशात आहे," ती म्हणाली. "खोपटात फक्त जेवण आहे."

"आणि खुर्ची?"

"माझ्या मागे तर आहे." आणि खरंच, खुर्ची आत होती, चुलीजवळ, दोरीने बांधलेली. पाटीही भिंतीशी टेकून उभी. खुर्चीत बसलो आणि खिडकीतून माळ जाताना पाहिला. राजा वगैरे वाटलं नाही. पण चहा सांडला नाही, हे खरं आहे.

ऊन कलताना लमली आलं. मी खिडकीशीच होतो. पहिलं चर्च, मग शाळा, मग पाव भाजणाऱ्याचं घर. मला काही तरी खटकत होतं. अरे, हा तर आपलाच रस्ता! तेच घर, त्याच्या शेजारी तेच घर, जसं उतारावर होतं तसंच, डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. मग हॉटेल आलं. मग ब्रेक्केचं लोहारकामाचं घर. आणि त्या दोघांच्या मध्ये अ‍ॅलर्डाइसची लाकडं भराभर उचलली जात होती.

चोवीस फूट.

नोव्हेंबरपासून ठेवली होती. हिवाळाभर वारा खात बसले होते आणि मी त्यांना दुकानात बसवून हसत होतो. दुकान आत सरकलं, दोन्ही बाजूंना हात घालण्याएवढी फट राहिली, आणि रस्त्यावरचा वारा एकदम पडला. मॉड अ‍ॅलर्डाइस हॉटेलच्या पायरीवर उभी होती. ती जोरात म्हणाली, "थांबला एकदाचा मेला!"

ती वाऱ्याला म्हणाली असावी.

११ मार्च

टपालखात्याला कळवायला हवं की पोस्ट हललं. पण पत्र टाकायचं ते पोस्टात, आणि पोस्ट कुठे आहे हे त्या पत्राशिवाय ठरत नाही. तोवर मी जुनाच शिक्का मारणार. ठळक मारतो आहे. कुणाला वाचता आला नाही असं व्हायला नको.

सकाळी उठलो तर एफी खिडकीशी. समोर सगळी धुराडी पेटलेली, धूर सरळ वर जात होता. मी हवेचं विचारणार होतो, पण नाही विचारलं. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

मग तिने टेबलावर कप मांडले. तीन. सवयच ती. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॉड अ‍ॅलर्डाइस दार न ठोठावताच आत आली, शाल खुंटीला लावली आणि तिसऱ्या कपापुढे बसली.

"साखर हवी का?" एफीने विचारलं.

"दोन चमचे," मॉड म्हणाली.